कॅन्सर आमच्या बायांचा, प्रश्न मात्र दुसऱ्यांचे

दौंड जंक्शनच्या फलाटावर कॅन्सरचा पेशंट घेऊन उभे राहिले की दोन दिशा असतात. सोलापूरकडची गाडी धरली तर कुर्डुवाडी, आणि तिथून बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. उलटी गाडी धरली तर दादर, आणि तिथून परळचे टाटा. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या माणसाला रेल्वे नाही. तो एसटीने आधी पुणे गाठतो आणि मग पुढचे बघतो. आम्ही काही कार्यकर्ते या दोन्ही तालुक्यांतून अशी माणसे नेतो-आणतो. फॉर्म भरून देतो, योजनेचे कागद लावतो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघतो. या कामात एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. ज्या दोन दिशांना आम्ही पेशंट घेऊन जातो, त्या दोन्ही टोकांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर जगात गाजलेले प्रयोग झालेले आहेत, आणि ते झाले आहेत आपल्यासारख्याच घरांतल्या बायांवर. हा इतिहास आपल्या चळवळीत कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी बार्शीकडचे. बार्शीला लागून असलेल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ च्या सुमारास एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायांची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्या भागात पॅप, तिसऱ्या भागात ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधे व्हिनेगर लावून गर्भाशयमुख बघणे. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायांची तपासणी करायची नव्हती. त्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा, आणि आपल्याकडे खेड्यातली नेहमीची आरोग्यसेवा म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. पुढे काय होते ते मोजायचे, एवढेच त्या भागाचे काम.

निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात ३४ बाया या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेली तपासणीसुद्धा मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे जगाला मराठवाड्याच्या बायांनी शिकवले. यात व्यंग नाही. हे ज्ञान खरे आहे, मोलाचे आहे आणि पुढे जगभरच्या धोरणांत वापरले गेले आहे.

गेल्या पावसाळ्यात दौंड तालुक्यातल्या एका विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन संपल्यावर आम्ही हे आकडे बायांना वाचून दाखवले. तिथे एक आक्का होत्या, याच आजारातून उठलेल्या, शेक घेतलेल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, त्या एकतीस हजार बायांना म्हाईत व्हतं का, की बाकीच्या गावांत तपासणी चाललीय म्हणून?" आम्ही गप्प. मग दुसरा प्रश्न आला. "आन् निकाल लागल्यावर तरी केली का त्यांची?"

आक्कांची शाळा चौथीपर्यंत. पण त्यांचा पहिला प्रश्न हाच या सगळ्या वादाचा गाभा आहे, आणि तो वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली.

आता परळकडचे. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत अशीच चाचणी केली. तिला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा. दीड लाखांवर स्त्रिया, वय ३५ ते ६४. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, निम्म्या वस्त्यांत आरोग्यशिक्षण. तपासणीचे काम दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायांनी केले आणि चोख केले. बारा वर्षांनी निष्कर्ष निघाला की तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. तिसरी चाचणी तामिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात झाली. अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये तिन्हींचा हिशेब मांडला. तपासणी न केलेल्या गटांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या किमान २५४ या कॅन्सरने मेल्या. त्याआधी अमेरिकी सरकारच्या, संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणासाठी असलेल्या कार्यालयाने मुंबईच्या चाचणीची चौकशी केली होती. बायांना पुरेशी माहिती देऊन संमती घेतली गेली नव्हती, असे त्या कार्यालयाचे मत पडले.

संशोधकांची बाजू काय होती, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते म्हणाले, भारतात त्या काळी तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता. म्हणजे 'काही नाही' हीच इथली प्रचलित सेवा होती, आम्ही कुणाचे काही काढून घेतले नाही. आणि तुलनेला गट नसता तर सरकारने कशावर विश्वास ठेवला असता? या म्हणण्यात तथ्य आहे. तपासणी झालेल्या गटांतही बाया मेल्या आहेत, तेव्हा २५४ च्या २५४ वाचल्या असत्या असे कुणी म्हणू नये. आम्ही या डॉक्टरांना खलनायक करत नाही. त्यांतले काहीजण बार्शीसारख्या ठिकाणी आयुष्यभर राबले आहेत.

पण 'इथली प्रचलित सेवा म्हणजे काही नाही' हे वाक्य नीट वाचा. व्यवस्थेने ज्यांना काही दिले नाही, त्यांना काही न देणे हाच त्यांचा नैसर्गिक हिस्सा, असा त्याचा अर्थ होतो. हे तर्कशास्त्र आपल्या ओळखीचे आहे. गावाबाहेरच्या वस्तीला पाणवठा नव्हताच, मग आम्ही तुमचे काय काढून घेतले, असे महाडलाही म्हणता आलेच असते.

शिवाय वाटा दुसऱ्याही होत्या. तपासणीच्या पद्धतींची आपसात तुलना करता आली असती. गावांना पाळी लावता आली असती, यंदा ही गावे, दोन वर्षांनी ती, म्हणजे तुलनाही होते आणि शेवटी कुणी कोरडे राहत नाही. या वाटांनी उत्तर उशिरा मिळाले असते, कदाचित कमी पक्के मिळाले असते. पण ही घासाघीस करायला त्या टेबलावर आजार भोगलेली, किंवा आईला या आजाराने गमावलेली एक तरी बाई बसलेली असती तर? आक्कांचा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला असता.

इथे आपल्याला बाबासाहेबांकडे जावे लागते. २७ जानेवारी १९१९ ला मुंबईत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सांगितले होते की अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यच करू शकतात. हे आपल्याला पाठ असते. त्या मानाने स्टार्ट समिती आपण विसरलो आहोत. १९२८ च्या नोव्हेंबरात मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करायला ही समिती नेमली. तिच्यात बाबासाहेब होते, डॉ. पु. गो. सोळंकी होते. आजच्या भाषेत ते एक संशोधनच होते: फिरायचे, साक्षी घ्यायच्या, अहवाल लिहायचा. फरक इतकाच की ज्यांच्यावर संशोधन, त्यांच्यातला माणूस संशोधकांच्या खुर्चीत होता.

त्याने काय फरक पडला? १९२९ मध्ये याच कामाच्या निमित्ताने फिरताना बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करायला बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारवाड्यात जायला टांगा हवा होता. स्पृश्य टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी वस्तीतल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हातात घेतला. मोरीवर टांगा अडकला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि पाय मोडला. चौकशीला निघालेल्या माणसालाच चौकशीचा विषय असा आडवा आला. आणि १९३० च्या मार्चमध्ये आलेल्या त्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन आहे, म्हणजे वाट बंद करणे, दुकानदाराने माल न देणे, शेतीवरून काढणे, हे गावगाड्याचे हत्यार म्हणून नोंदले गेले. पुढे गोलमेज परिषदेच्या वेळी संरक्षण मागताना बाबासाहेबांनी अहवालातल्या त्याच मजकुराचा आधार घेतला. शिष्यवृत्त्या किती आणि शाळा किती, एवढे मोजून बाहेरच्या माणसांनी अहवाल संपवला असता. बहिष्कार हा मोजण्याचा विषय आहे, हे ज्याच्यावर तो पडतो त्यालाच सुचते.

कॅन्सरचा इतिहास बघितला तर नेमके हेच दिसत नाही. टाटा हॉस्पिटल १९४१ ला उघडले. तिथे डॉ. खानोलकरांनी भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया घातला. १९४५ च्या त्यांच्या एका गाजलेल्या निबंधात लोकांच्या रूढी-वापरातून होणारे कॅन्सर सांगितले आहेत. त्यात धोतराच्या घट्ट गाठीने कमरेच्या कातडीला होणारा कॅन्सरसुद्धा आहे. निरीक्षण अचूक. पण तेव्हापासून एक नजर रुळली: लोक म्हणजे सवयींचे गाठोडे. तंबाखू खातात, मशेरी लावतात, लवकर लग्न करतात, स्वच्छता पाळत नाहीत. दिवसभर उसाच्या फडात वाकलेली बाई सकाळी मशेरी का लावते, पोटातली भूक मारायला की दात दुखतो म्हणून, हे विचारायला मशेरी लावणारीच बाई हवी. स्वच्छता पाळायला लागणारे पाणी कुणाच्या विहिरीतून येते, हाही प्रश्न तिचाच.

याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो बार्शीचाच. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यातला पेशंट दवाखान्यात येतच नाही, तर नोंद कुठून होणार? मग नोंदणीची माणसे गावोगाव गेली, पारावर बसली, बायांशी बोलली, अंगावरून जाते का, मधेच रक्त जाते का, असे विचारत फिरली. काही वर्षांत असे दिसले की नुसत्या या बोलण्यामुळेच बाया लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ साली त्यावर निबंधही आला. म्हणजे आपली बाई अडाणीपणाने दुखणे अंगावर काढते हे खरे नव्हे. कुणी विचारले तर ती येते. अर्थात तिथेही विचारणारा एका बाजूला आणि सांगणारी दुसऱ्या बाजूला.

आता आमच्या तालुक्यात या. शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक आपल्याला कशासाठी माहीत आहे? संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केल्याची परंपरा ज्यांच्या नावाने सांगितली जाते, त्या गोविंद गोपाळ महारांच्या समाधीसाठी. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या फलकावरून वाद पेटला आणि काही दिवसांत १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात काय झाले ते सांगायची गरज नाही. एका मरणाचा इतिहास कुणी लिहायचा, यावरून ते सगळे झाले. पण याच वढूत आणखी एक काम चालते, ज्याची आपल्यातल्या फार थोड्यांना खबर आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलने डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने १९७० च्या दशकापासून तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. २००२ पासून त्यांचे संशोधन केंद्र शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवते. माणूस घरी मेला तर घरच्यांना बारकाईने विचारून मृत्यूचे कारण ठरवायचे, अशीही एक रीत यात आहे. कामाला आमचे काही वाकडे म्हणणे नाही. उलट मरण मोजले जाते हेच आपल्याला नवीन आहे. आपले मरण कुणी मोजतच नव्हते. आमचे म्हणणे इतकेच की अशा कामात आपली माणसे उत्तरे देणारी असतात. पुढच्या पाच वर्षांत कशाचा शोध घ्यावा, ही यादी करायला त्यांतले कोण बसते?

आणि यादी करायला बसले नाही तर काय होते ते आपण उसाच्या पट्ट्यात पाहिले. दौंड-शिरूरच्या फडांत कोयता घेऊन येणाऱ्या बीडच्या बायांचे गर्भाशय काढण्याचे प्रकरण २०१९ ला गाजले. सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणींना पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती घातलेली होती. एका जिल्ह्यात कॅन्सर शोधायची तपासणी करायची नाही म्हणून बाया बाजूला ठेवल्या, शेजारच्या जिल्ह्यात कॅन्सरच्या नावाने निरोगी अवयव कापले. दोन्हीकडे बाईचे शरीर आहे, बाईचा प्रश्न नाही. तिचा प्रश्न साधा होता: पाळीच्या दिवसांत खाडा केला तर दंड का, आणि फडावर संडास का नाही.

बाहेरच्या जगात हे भांडण लोकांनी लढून जिंकले आहे, भीक मागून नव्हे. १९७४ साली अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार बाईला स्तनाचा कॅन्सर झाला. तेव्हा रीत अशी की बाईला भूल द्यायची, गाठ तपासायची आणि कॅन्सर निघाला तर तिला न विचारता त्याच टेबलावर स्तन काढून टाकायचा. कुशनरने नकार दिला, आयुष्यभर त्यावर लिहिले, आणि १९८० साली त्या देशाच्या राष्ट्रीय कॅन्सर सल्लागार मंडळावर जाऊन बसली. १९८३ ला डेन्व्हर शहरात एड्सच्या पेशंटांनी जाहीर केले की आम्हाला बळी म्हणू नका, आणि आमच्याबद्दलच्या प्रत्येक निर्णयात आम्हाला घ्या. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून चालणाऱ्या स्तन-कॅन्सर संशोधनात, कोणत्या प्रस्तावाला निधी द्यायचा याच्या मतदानात आजारातून उठलेल्या बाया शास्त्रज्ञांच्या शेजारी बसू लागल्या. भारतात? आंध्रात खम्मम जिल्ह्यात २००९ ला एचपीव्ही लस-प्रकल्पात आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या. २०१३ साली संसदेच्या समितीला त्यावर कडक अहवाल द्यावा लागला.

कुणी म्हणेल, आता कायदा आहे. आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक सामान्य माणूस आणि एक स्त्री असलीच पाहिजे. पण ही समिती प्रश्न ठरल्यावर कागद तपासते, प्रश्न ठरवत नाही. आणि हा 'सामान्य माणूस' निवडतो कोण? संस्था. तिच्या ओळखीतला निवृत्त मुख्याध्यापक, एखादा ट्रस्टी, एखाद्या डॉक्टरांच्या सौभाग्यवती.

हे दुखणे पुण्याला नवीन नाही. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात जो करार झाला, त्याने जागा दिल्या, पण आपला प्रतिनिधी निवडायची किल्ली दुसऱ्यांच्या हातात राहिली. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा कांशीरामजींनी 'चमचा युग' लिहून त्याचा हिशेब केला. उद्या हॉस्पिटलांनी 'पेशंट प्रतिनिधी' नेमायला सुरुवात केली तर, आणि ती होईल कारण परदेशातून निधी आणायला आता हे लागते, पहिला धोका हाच आहे. जो पेशंट डॉक्टरांचे आभार चांगले मानतो, फोटोत बरा दिसतो, तो निवडला जाईल. आम्हाला राखीव खुर्ची नको, ती खुर्ची कोण भरणार त्याचा अधिकार हवा.

यात आपलाही दोष आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १ जानेवारीला जयस्तंभाजवळ आपण पुस्तकांचे स्टॉल लावतो, पाण्याचे लावतो. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा तंबू लावू म्हटले तर कार्यकर्तेच एकमेकांकडे बघून हसतात. आमच्याही बैठकीत हसले. आमच्यातला एकजण म्हणाला, बायांचा विषय बायाच बघतील. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली, १९३८ ला संततिनियमनाचा ठराव मांडायला लावला. तेव्हा तो 'बायांचा विषय' नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली निघाली नाही. उस्मानाबादच्या निकालानंतर दहा-बारा वर्षांनी ही स्थिती. तपासणीने जीव वाचतो हे ज्यांच्या मरणातून सिद्ध झाले, त्यांच्या लेकींपर्यंत ती तपासणी पोचलेलीच नाही.

त्या विहारातल्या बैठकीनंतर आम्ही एक वही घातली आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या, या आजारातून उठलेल्या किंवा घरातले माणूस गमावलेल्या बायांचे आणि पुरुषांचे प्रश्न तीत लिहून घेतो. उत्तरे नाहीत, फक्त प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. शेक घेतल्यावर किती दिवसांनी खुरपायला जायचे? दादरला राहायच्या दिवसांची मजुरी कोण देणार? नवऱ्याने टाकले तर औषध चालू ठेवायचे कसे? गाठ दिसल्यापासून पहिल्या डॉक्टरपर्यंत जायला आठ महिने का लागले, आणि त्यातले किती आमच्यामुळे, किती गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्यामुळे? यातल्या प्रत्येकावर संशोधन होऊ शकते. या भागात कॅन्सरवर काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे ही वही ठेवायची, आणि तिच्यातला कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते वहीत लिहिणाऱ्यांनीच बसून ठरवायचे, असे ठरले आहे. पहिल्या पानावर आक्कांचे ते दोन प्रश्न आहेत.